कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या

सह्या आधी, मजकूर मागाहून. ही माझी कामाची पद्धत होती आणि विसाव्या वर्षी ती मीच शोधून काढल्यामुळे मला तिचा भयंकर अभिमान होता.

मी तेव्हा ज्युनियर बी.ए.ला होते. इतिहासाच्या बाईंनी एकदा मला स्टाफरूमच्या दाराशी थांबवलं आणि म्हणाल्या, "यंदा फर्स्ट इयरला पाच मुली अशा आल्यात की त्यांच्या घरातून कॉलेजात आलेलं हे पहिलंच माणूस. लेक्चरं इंग्रजीत, नोटिसा इंग्रजीत. बावरून जातात गं. तू जरा त्यांना सोबत कर."

‘सोबत’ हा शब्द माझ्या डोक्यात घर येईपर्यंतही टिकला नाही. गिरगावातल्या आमच्या चाळीचे तीन जिने चढून होईतो मी सेनापती झाले होते.

त्या वेळचं माझं ध्यान कसं होतं ते सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. काडीसारखे हातपाय, नाकावरून घसरणारा चष्मा आणि तत्त्व म्हणून नेसलेली खादीची साडी. तिला आई इतकी खळ घालायची की मी खाली बसले तरी साडी उभीच राहायची. काखोटीला कायम एक वही. त्या वहीत मी पाचही मुलींची वेळापत्रकं आखली होती. कोणी किती वाजता उठायचं, कुठल्या पुस्तकाची किती पानं वाचायची, बसच्या रांगेत उभं असताना कोणते इंग्रजी शब्द पाठ करायचे. एकीला तर मी न्हायचा वारसुद्धा बदलायला लावला, कारण ओल्या केसांनी ती शनिवारच्या लेक्चरला पेंगते असं माझं निरीक्षण होतं. तिने बदलला हो. मुकाट्याने बदलला.

मला वाटायचं, हेच नेतृत्व.

परवा नातीला तिच्या ऑफिसातून कसल्याशा शिबिराचा कागद आला. दहा माणसांची साहेबीण आहे ती. कागदात विचारलं होतं, तुमची नेतृत्वाची शैली कोणती? तिने गमतीने मला विचारलं, "आजी, तुझी कुठली गं?"

मी म्हटलं, "कोऱ्या कागदावर सही घ्यायची."

ती हसली. मीही हसले. मग तिला चहा टाकायला आत पाठवलं, कारण मला जरा वेळ एकटीला बसायचं होतं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. सकाळी दूध आणायला खाली उतरावं तर कोपऱ्यावर पोलीस आणि भिंतीवर रात्रीत रंगवलेलं ‘झालाच पाहिजे’. आमच्या तळमजल्यावरचे काका ऑफिसातून परत येताना गोळीबारात सापडले आणि गेले. मोर्चात नव्हते की कशात नव्हते, हातात छत्री आणि भाजीची पिशवी होती. काकू पुढे किती महिने गॅलरीत बसून असायच्या. कोणी त्यांच्याशी बोलायचं नाही, कारण काय बोलणार? मी मात्र बोलायचे. मी त्यांना "तुमचं बलिदान व्यर्थ जाणार नाही" असं सांगितलं होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाळ, जा, आई हाक मारतेय." आईने हाक मारलीच नव्हती.

अशी मी. आता मुलींकडे वळते.

पाचांपैकी चौघी दादर-परळ-लालबागच्या. त्यांचं पुढे फारसं काम नाही. पाचवी वरळीच्या बीडीडी चाळीतली. बाप मिलमध्ये साच्यावर कापड विणायला, आई त्याच मिलच्या वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायला. मुलगी उंच, हाडकुळी, कमी बोलणारी. मॅट्रिक झाल्यावर बापाने तिला एक काळं फाउंटन पेन घेऊन दिलं होतं. ते ती लिहून झालं की दर वेळी फडक्याने पुसायची आणि मगच टोपण लावायची. आदल्याच वर्षी त्या चाळींमधल्या घरांच्या घरांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता. तिच्याही घराने. बापाने देव्हाऱ्यातले देव स्वतः उतरवून समुद्रात सोडले, असं तिने एकदा सांगितलं होतं. "आजी रडली," म्हणाली. "बाबा नाही रडले. पण त्या दिवशी ते जेवलेही नाहीत."

मी लगेच तिला चार वाक्यांत समतेवर काही तरी ऐकवलं. तिने ऐकून घेतलं.

मी संयुक्त महाराष्ट्राबद्दल बोलायला लागले की ती कधी कधी मध्येच काही विचारायची. एकदा म्हणाली, "ताई, आपलं राज्य झालं की कॉलेजचे फॉर्म मराठीत येतील का हो?"

"अर्थात! त्यासाठीच तर चाललंय सगळं."

"मग तेव्हा आमचे आम्ही भरू."

मी खूप हसले. ती हसली नव्हती, हे माझ्या लक्षात यायला बराच उशीर झाला.

जुलैत फॉर्म आले. लायब्ररीचा, फीचा, सरकारी शिष्यवृत्तीचा, कॉलेजच्या मदतनिधीचा. सगळे इंग्रजीत आणि सगळे दोन प्रतींत. मुली खाडाखोड करायच्या, खिडकीतला कारकून फॉर्म परत भिरकावायचा, मुली लेडीज रूममध्ये येऊन रडायच्या. तेव्हा मी माझी ती पद्धत काढली. सगळे फॉर्म आणून प्रत्येकीपुढे गठ्ठा ठेवला आणि फर्मावलं, "प्रत्येक फॉर्मवर खाली आपली सही करा. घरून पालकांची सही आणा. वरचं सगळं कोरं राहू दे. शाळा सोडल्याचा दाखला आणि चिठ्ठीवर तुमची माहिती, एवढं टाचून द्या. मी बसून भरते."

माझं इंग्रजी अक्षर छापल्यासारखं होतं. हे मी अजूनही न लाजता सांगते, कारण सांगण्यासारखं तेवढंच होतं.

चौघींनी दुसऱ्या दिवशी गठ्ठे आणून दिले. पाचवी अडली.

"ताई, कोऱ्यावर सही?"

"मग काय भरलेल्यावर? भरायला मी आहे ना!"

"बाबा कोऱ्यावर सही करत नाहीत."

"माझं नाव सांग त्यांना. म्हणावं, ताईंनी सांगितलंय."

तिने गठ्ठा उचलला. "बरं," म्हणाली. दोन दिवसांनी गठ्ठा आला. प्रत्येक फॉर्मवर तिची सही आणि तिच्याखाली बापाची मोडी वळणाची, सावकाश काढलेली मराठी सही.

रविवारी दुपारी आमच्या गॅलरीत पाट टाकून मी भरायला बसले. तिच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘धर्म बौद्ध. जात नाही.’ आणि खाली एक ओळ, ‘पुअर बॉइज फंडाचा फॉर्म भरावा, ही विनंती.’

कॉलेजच्या मदतनिधीला त्या काळी पुअर बॉइज फंडच म्हणत. गरीब मुलीही असतात, हे तो काढणाऱ्यांना सुचलं नसावं. त्यातून अर्धी फी मिळायची आणि जात विचारत नसत. सरकारी शिष्यवृत्तीत मात्र पूर्ण फी, शिवाय पुस्तकं. पण ती ज्या जातींसाठी होती त्या हिंदूंमधल्या. बौद्ध झालात की ती गेली, असा तेव्हा नियम होता. तिला तो माहीत होता. चिठ्ठी लिहिण्याआधी घरात त्यावर बोलणं झालेलं असणार. अर्ध्या फीचं कसं जमवायचं, हेही ठरलेलं असणार.

मी काय केलं? दाखला उघडला. दाखला शाळेतल्या धर्मांतराआधीच्या नोंदीवरून केलेला. त्यावर जुनी जात होती. मी स्वतःशी म्हटलं, दाखल्यावर आहे तेच तर लिहायचंय, यात खोटं काय? पोरगी भावनेच्या भरात स्वतःचं नुकसान करून घेतेय. तिला काय कळतंय? मोठं होऊन आपण कशाला आहोत?

आणि सरकारी फॉर्मच्या त्या रकान्यात छापल्यासारख्या अक्षरात मी तिची जुनी जात लिहिली. पुअर बॉइज फंडाच्या फॉर्मच्या चार घड्या करून तो वहीत ठेवला.

आई तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "दुसऱ्याच्या मुलींचे फॉर्म तू का गं भरतेस? हात मोडलेत का त्यांचे?"

"आई, तुला नाही कळायचं."

"ते खरंच," आई म्हणाली आणि खडा काढून गॅलरीबाहेर टाकला.

सोमवारी मुलगी भेटली तेव्हा तिने विचारलं, "माझा झाला का?"

"तुझं काम चोख झालंय. तू फक्त अभ्यास कर."

तिने माझे आभार मानले. ते आठवलं की अजून मला खुर्चीवर नीट बसवत नाही.

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं आणि पोर्चमधल्या फळ्यावर शिष्यवृत्तीची टाइप केलेली यादी लागली. आधी मी पाहिली. नाव, वर्ग, जात. तिचं नाव वरून तिसरं. मी आनंदाने वेडी झाले. लेडीज रूममध्ये धावत गेले, चौघींना गोळा केलं, तिला मनगटाला धरून ओढत पोर्चमध्ये आणलं. फळ्यापुढे उभं करून मी तिला म्हटलं, "डोळे मीट!" तिने मिटले. भोवती गर्दी होतीच. मी पुन्हा आरोळी ठोकली, "उघड! आता पेढे कोण देणार?"

तिने डोळे उघडले. नाव वाचलं. मग नजर त्याच ओळीत उजवीकडे सरकली आणि तिथेच थांबली.

माझ्या मागच्या चौघींचा किलबिलाट बंद झाला. त्याही वाचत होत्या.

तिने पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं आणि निघून गेली. लेक्चरला आली नाही. दुसऱ्या दिवशी डबा खाताना दादरच्या एकीने आपला डबा किंचित सरकवून घेतला. आदल्या आठवड्यापर्यंत दोघी एकमेकींच्या डब्यातली लोणची खात होत्या. मी पाहिलं. आता सेनापती गप्प कसा बसेल? मी उभी राहून सगळ्या लेडीज रूमला अस्पृश्यतेवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. पाचवी समोरच बसलेली. व्याख्यान संपेपर्यंत तिने डब्याचं झाकण लावलं होतं.

तिसऱ्या दिवसापासून ती येईनाशी झाली.

आठवडाभराने मी वरळीला गेले. हात हलवत गेले नाही, तेवढी मूर्ख नव्हते. जास्त मूर्ख होते. प्रिन्सिपॉलसाहेबांच्या नावे दुरुस्तीचा अर्ज तिच्या वतीने मीच लिहून नेला होता. खाली फक्त सही हवी होती.

बीडीडी चाळीतली ती एक खोली. भिंतीवर जिथे देव्हारा होता तिथे चौकोनी पांढरट डाग आणि त्या जागी बुद्धाची छोटी तसबीर. बाप पहिली पाळी करून आलेला, केसांत अजून कापसाचे तंतू. आई पाळीवर. मुलगी कोपऱ्यात पाटावर बसून काही तरी शिवत होती. मला बघून उठली आणि पाणी दिलं.

मी धडाधडा बोलायला लागले. गैरसमज, हेतू, दाखला, नियम, आता दुरुस्ती, मी आहेच. बापाने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "बस, बाय. उभ्याने नको बोलूस."

मी बसले.

"तुझी चूक नाय. सही मी केली," तो म्हणाला. "मिलमदी वीस वर्षं झाली मला. कामावर घेताना, काढताना, दुखापत झाली तर, दर वेळेला कोरा कागद पुढे करतात. अंगठा मार म्हणतात. त्यापायीच मी रात्रशाळेत जाऊन सही शिकलो. कोऱ्यावर कधी केली नाय. उपाशी बसलो, पण केली नाय." मुलीकडे पाहिलं. "इथं केली. पोरगी म्हणाली, ताई आहेत."

तो रागावला असता तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती.

मी मुलीकडे वळले. म्हटलं, "अगं, पण तू मला एकदा तरी..."

"चिठ्ठी लिहिली होती," ती म्हणाली.

"मला वाटलं, तुझं भलं..."

"तुम्ही विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं, ताई. ते तुम्हाला माहीत होतं. म्हणून विचारलं नाहीत."

आवाज चढवला नाही तिने. शिवण हातातच होती. मग म्हणाली, "शिष्यवृत्ती गेली त्याचं काही नाही. ती आमची नव्हतीच. पण त्या शब्दाखाली माझ्या बाबांची सही आहे. ती सरकारात गेली. ती आता कुठल्या कपाटात असेल, कोण जाणे."

दुरुस्तीचा अर्ज तिने आधीच टाकला होता. स्वतः लिहिलेला. शिष्यवृत्ती रद्द झाली होती. पुअर बॉइज फंडाची मुदत ऑगस्टात संपली होती आणि तो फॉर्म अजून माझ्या वहीत चार घड्या करून पडला होता. पूर्ण फी भरणं त्या घराला शक्य नव्हतं. मी म्हटलं, "आम्ही मुली वर्गणी काढू!"

ती म्हणाली, "काढाल. आणि तिचीही यादी लावाल."

हे ऐकून बाप किंचित हसला. त्या खोलीत तेवढंच हसू पाहिलं मी. मी लिहून नेलेला अर्ज मुलीने माझ्या पिशवीत परत ठेवला, पिशवीचे बंद नीट केले आणि मला खाली बसस्टॉपपर्यंत सोडायला आली. बस आल्यावर म्हणाली, "जपून जा. पुढे लाठीचार्ज झालाय म्हणतात."

बाईंना मी सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी तुला सोबत करायला सांगितलं होतं." मग पुढची वही घेतली. पुढच्या वर्षीच्या फर्स्ट इयरला त्यांनी दुसरी मुलगी नेमली.

ती जानेवारीत वाइंडिंग खात्यात आईशेजारी उभी राहिली, हे मला लालबागच्या मुलीकडून कळलं. त्यानंतर मी वेळापत्रकांची वही बंद केली. लगेच शहाणी झाले असं कोणी समजू नये. हुकूम सोडायची सवय खोकल्यासारखी असते. दाबली की दुसऱ्या जागी उबळ येते. बी.ए. झाल्यावर दादरच्या एका शाळेत मास्तरीण झाले आणि तिथे चाळीस मुलींवर ती काढली.

मग राज्य झालं. दिवे लागले, पेढे वाटले, आमच्या चाळीने गच्चीवर रोषणाई केली. काकूंनी मात्र आपल्या दारातली पणती विझवून आत नेली. आणि थोड्याच काळात बातमी आली की नव्या राज्यात बौद्ध विद्यार्थ्यांनाही सवलती मिळणार.

मी कात्रण कापलं. कॉलेजात जाऊन फॉर्म आणला. राज्य मराठी झालं होतं, फॉर्म इंग्रजीतच होता. आणि हो, मी तो भरला. नाव, पत्ता, मॅट्रिकचं वर्ष, सगळं. मी सुधारले असं कोण म्हणालं? फक्त एक रकाना मी कोरा ठेवला आणि त्याचा मला पुन्हा अभिमान वाटला. असा अभिमान वाटून घेत घेत मी वरळीला पोहोचले.

तीच खोली. बाप खाटेवर पडून होता. कापूस छातीत बसला होता आणि मिलने काढून टाकलं होतं. दोन शब्द बोलला की त्याला धाप लागायची. त्याने मला ओळखलं आणि हातानेच बस म्हणून सांगितलं. मुलगी पाळीवरून येऊन भाकऱ्या टाकत होती. बोटांच्या पेरांवर सुताने कापल्याच्या बारीक काळ्या रेघा. दाराशी तिची धाकटी बहीण, आठवीतली, वह्या-पुस्तकं मांडून शाळेचा कसला तरी फॉर्म भरत होती. खाडाखोड करत होती.

माझा हात शिवशिवला. मी म्हटलं, "तिला तू भरून का देत नाहीस?"

"तिचा ती भरते," मुलगी म्हणाली. "मी नुसती शेजारी बसते."

मी माझा फॉर्म पुढे केला. तिने हात पुसले, तो उजेडाकडे धरून वरपासून खालपर्यंत वाचला.

"हा एक का सोडलात?"

"तो तू लिहायचा."

तिने फळीवरून ते काळं पेन काढलं. बरेच दिवस वापरलं नसावं. शाई उतरेना, तेव्हा निब पाण्यात बुडवून झटकली. मग त्या इंग्रजी फॉर्मच्या रकान्यात मराठीत लिहिलं, ‘बौद्ध’. बोटं आखडली होती. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. फॉर्म खाटेपाशी नेऊन बापाला दाखवला. त्याने डोळे बारीक करून पाहिलं आणि मान हलवली.

मी म्हटलं, "आता खाली सही कर. जूनमध्ये कॉलेज उघडलं की..."

"घर माझ्यावर चालतं, ताई," ती म्हणाली. "माझा जून गेला." आणि फॉर्म माझ्या हातात परत दिला. "पण आता बरोबर झाला. घेऊन जा."

मी तो आणला. माझ्या ट्रंकेत आहे. कागद पिवळा पडलाय. माझं छापल्यासारखं अक्षर फिकट झालंय आणि तिचा तो एक शब्द अजून काळा आहे. खाली सहीची जागा कोरी आहे.